ओव्हरक्लॉक केलेला पीसी बूट होत नाही: कोणतं व्होल्टेज, किती आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले ओव्हरक्लॉक केलेले (कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेले) जे पीसी 'डिस्प्ले येत नाही' म्हणून समोर येतात, त्यांचे बिघाड वेगवेगळे असतात. त्यांवर आधीच करून पाहिलेला उपाय मात्र बहुतेक वेळा एकच असतो. सीपीयूचं व्होल्टेज, म्हणजे व्हीकोअर, वाढवलेलं असतं. रॅमचं ट्रेनिंग (सुरू होताना बोर्डाने रॅमशी मेळ बसवणं) अडकलं तरी व्हीकोअर, विंडोजचं चक्र गोल फिरत राहिलं तरी व्हीकोअर. यातून पीसी सुरू होत नाही, सीपीयूचं आयुष्य मात्र कमी होतं.

बूट कुठे अडकतो ते आधी बघायचं. मग त्या टप्प्याशी संबंध असलेलं एकच व्होल्टेज घ्यायचं आणि थोडं थोडं वाढवायचं. खालचा क्रम त्यासाठीच आहे. मधली पायरी गाळू नका.

## हात लावण्याआधी

जवळ मल्टिमीटर, मदरबोर्डचं मॅन्युअल, एक वही आणि दोन पेन ड्राइव्ह ठेवा. एका पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) बूटेबल करून घ्या. दुसऱ्यावर तुमच्या बोर्डाच्या बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच मूळ प्रोग्रामची) ताजी फाइल ठेवा. दोन्ही कामं दुसऱ्या पीसीवर करा, कारण अडकणाऱ्या पीसीवर डाउनलोड केलेली फाइलही खराब असू शकते.

पीसी अधूनमधून तरी सुरू होत असेल, तर त्या संधीत डेटा बाहेर काढा. नंतर बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. फक्त व्होल्टेजचं पान पुरत नाही. साटा मोड (ड्राइव्ह जोडण्याची पद्धत) एएचसीआय आहे की रेड, व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळणारी सोय) चालू आहे का, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) चालू आहे का, बूटचा क्रम काय, हे सगळं फोटोत हवं. बायोस रीसेट केल्यावर या गोष्टी मूळ जागी जातात आणि विंडोज सापडत नाही. मग 'ओव्हरक्लॉकमुळे विंडोज उडालं' असं समजून लोक फॉरमॅट मारतात. खरं तर साटा मोड परत जागेवर आणला की तेच विंडोज सुरू होतं.

इशारा: विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून वहीत लिहा. बायोस रीसेट किंवा अपडेट केल्यावर ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डेटा गेला, मग कोणताच दुकानदार काही करू शकत नाही.

## १. अडकतं कुठे ते ओळखा

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांवर एका कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून दिव्याशेजारची अक्षरं वाचा. पॉवर बटण दाबल्यावर दिवे एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहतो तिथे गाडी अडलेली असते.

डीरॅमचा दिवा राहिला, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: रॅमचं ट्रेनिंग पूर्ण होत नाही. इथे डीरॅम व्होल्टेज आणि सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज बघायचं. एएमडीवर त्याला एसओसी म्हणतात, इंटेलवर सिस्टिम एजंट. व्हीकोअरला हात लावू नका.

सीपीयूचा दिवा राहिला: व्होल्टेजचा संबंध क्वचितच असतो. आधी सीपीयूची ८ पिनची १२ व्होल्ट केबल काढून घट्ट बसवा. बेस क्लॉक (ज्याला गुणून सीपीयूचा वेग ठरतो तो मूळ वेग) १०० मेगाहर्ट्झवरून हलवला असेल तर परत १०० वर आणा.

व्हीजीएचा दिवा राहिला: कार्ड काढून साफ करून बसवा. राइझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायची केबल) असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून पाहा.

लोगो येतो, विंडोजचं चक्र फिरतं आणि हँग होतं किंवा एररची निळी (नव्या विंडोज ११ वर काळी) स्क्रीन येते: त्या स्क्रीनवरचं नाव लिहून घ्या. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट किंवा डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर दिसला तर संशय व्हीकोअरवर. मेमरी मॅनेजमेंट दिसला तर रॅमवर. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तरी आधी रॅमच तपासा.

डेस्कटॉप येतो आणि काही काम नसताना पीसी आपोआप रिस्टार्ट होतो: रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) बऱ्याचदा जास्त उणे केलेला असतो. उणे ३० सगळ्या कोअरना एकदम लावलेले पीसी नेहमी दिसतात. उणे १५ वर आणा आणि दोन दिवस वापरून पाहा.

इशारा: डीडीआर५ बोर्डावर रॅमचं सेटिंग बदलल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, विशेषतः एएम५ वर (रायझन ७००० आणि पुढच्यांचा सॉकेट) आणि रॅम जास्त असेल तेव्हा. तेव्हा ट्रेनिंग चालू असतं. लोक मिनिटभर वाट बघून बटण दाबून पीसी बंद करतात, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि 'पीसी मेला' असा निष्कर्ष निघतो. १५ मिनिटं बटणाला हात लावू नका.

## २. वीज आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय)

आषाढात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लाईट येते-जाते. वळवाच्या पावसात शहरातही तेच. उद्यमबागेत मोठ्या मोटरी सुरू होताना आणि वडगाव-शहापूरच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत व्होल्टेज वरखाली होतं. म्हणून बूटचा प्रत्येक बिघाड 'लाईटमुळे' म्हणून सोडून दिला जातो आणि स्टॅबिलायझर आणला जातो. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल, तर घरात २०० व्होल्ट आले म्हणून त्याचं काही अडत नाही. त्याला त्रास होतो तो क्षणभर लाईट पूर्ण तुटण्याचा.

लाईट गेल्यावर यूपीएसवर जातानाच पीसी बंद पडत असेल, तर यूपीएस बघा. स्वस्त यूपीएस आणि जुने इन्व्हर्टर चौकोनी किंवा पायऱ्यांची लहर देतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती चालत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हाच त्यावर उपाय, बायोसमधलं कोणतंही व्होल्टेज नव्हे.

एसएमपीएस तपासायला पीसी बायोसच्या पानावर ठेवा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा, काळी पिन मोकळ्या मोलेक्सच्या (चार पिनच्या कनेक्टरच्या) काळ्या वायरीत आणि लाल पिन पिवळ्या वायरीत घाला. ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतं. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. बायोसच्या स्क्रीनवरचा १२ व्होल्टचा आकडा बऱ्याचदा चुकीचा असतो, त्यावर विसंबू नका.

तपासा: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते करून घ्या आणि मगच पुढे जा. अर्थिंगशिवाय पीसी उघडून काम करू नका.

## ३. बायोस शून्यावर आणा

एसएमपीएसचं बटण बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा.

सेल बाहेर आलाच आहे, तर मोजून घ्या. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. सेल थकला असेल आणि रात्री मेन स्विच बंद होत असेल, तर सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं आणि सेटिंग उडालेलं असतं. याला ओव्हरक्लॉकचा बिघाड समजून लोक आठवडे घालवतात. हा काही रुपयांचा सेल आहे.

आता पीसी सुरू करून फोटोंप्रमाणे फक्त साटा मोड, व्हीएमडी आणि सीएसएम परत लावा. रॅमचं एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो (रॅमवर छापलेला वेग लावणारं सेटिंग, नाव बोर्डाप्रमाणे बदलतं) बंदच ठेवा. ओव्हरक्लॉकचं काहीही लावू नका.

## ४. स्टॉकवर (ओव्हरक्लॉकशिवाय, मूळ सेटिंगवर) चालतो का?

मेमटेस्ट८६ च्या पेन ड्राइव्हवरून बूट करा आणि किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही एरर आला तर थांबा. रॅमची एकेक कांडी लावून कोणती खराब आहे ते शोधा. स्टॉकवर एरर देणाऱ्या रॅमला व्होल्टेज वाढवून बरं करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

याच वेळी स्लॉट बघा. दोन कांड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. आपल्याकडे एक कांडी बेळगावात घेतली, वर्षाने दुसरी कोल्हापुरात, असं सर्रास होतं. दोन्हींवर ३६०० हा वेग छापलेला असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. अशा जोडीकडून ३२०० मिळालं तरी समाधान माना. चार कांड्या भरल्या असतील तर मेमरी कंट्रोलरवरचा भार आणखी वाढतो.

इशारा: स्टॉकवरही पीसी अडकत असेल, तर हा लेख इथेच थांबवा. तो हार्डवेअरचा बिघाड आहे.

## ५. आधी रॅम, सीपीयू स्टॉकवर ठेवून

नेहमीची चूक अशी की एक्सएमपी आणि सीपीयूचा मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) एकाच वेळी लावतात. मग बूट अडला की दोष कोणाचा ते कळत नाही. सीपीयू स्टॉकवरच असू द्या आणि फक्त एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा.

बूट झाला तर चाचणीला जा. अडला तर हा क्रम:

क) आधी बायोसमध्ये 'ऑटो'ने काय दिलंय ते वाचा. एक्सएमपी लावल्यावर काही बोर्ड एसओसी किंवा सिस्टिम एजंटचं व्होल्टेज स्वतःहून फार वर नेतात, काही फारच खाली ठेवतात. ऑटोचा आकडा वहीत लिहा, मग तो हाताने निश्चित करा.

ख) मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज ०.०२५ व्होल्टच्या पायरीने वाढवा. एएम४ (एएम५ च्या आधीचा सॉकेट) रायझनवर १.०५ पासून सुरुवात करा, १.१० वर बहुतेकांचं काम होतं, १.१५ ला थांबा. एएम५ वर १.२० ते १.२५ पुरतं. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने एसओसीला १.३० ची मर्यादा घातली, म्हणून त्याआधीचं बायोस असेल तर अपडेट केल्याशिवाय एक्स्पो लावूच नका. इंटेलच्या १० व्या-११ व्या पिढीवर सिस्टिम एजंट १.१० ते १.२५ आणि व्हीसीसीआयओ (कंट्रोलरचंच दुसरं व्होल्टेज) त्याहून थोडं कमी. १२ व्या पिढीपासून पुढे नावात 'के' नसलेल्या सीपीयूंवर हे व्होल्टेज सहसा कुलूपबंद असतं. तिथे डीडीआर४ ३६०० गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने) अडत असेल तर ३२०० वर या किंवा गिअर २ (कंट्रोलर निम्म्या वेगाने) निवडा.

ग) तरीही अडलं तर डीरॅम व्होल्टेज. डीडीआर४ च्या एक्सएमपी रॅमवर सहसा १.३५ छापलेलं असतं. ०.०१ किंवा ०.०२ ने वाढवत १.४० पर्यंत जा. डीडीआर५ वर छापील आकड्यापासून सुरू करून १.४० ला थांबा.

घ) व्होल्टेजने होत नसेल तर रॅमवरचा ताण कमी करणारी सेटिंग वापरा: गिअर डाउन मोड चालू करा, कमांड रेट २टी करा, नाहीतर वेग एक पायरी खाली आणा. ३६०० ऐवजी ३४६६ ने एडिटिंगमध्ये किंवा गेममध्ये जो फरक पडतो, तो घड्याळ लावून मोजावा लागेल इतका कमी असतो.

कंट्रोलरचं व्होल्टेज जास्त म्हणजे चांगलं, असं नाही. एका मर्यादेनंतर तेच वाढलेलं व्होल्टेज ट्रेनिंग बिघडवतं. १.१० वर बूट झाला आणि १.१५ वर अडला, असं खरंच होतं. दोन-तीन पायऱ्या चढून फरक पडला नाही, तर परत मूळ आकड्यावर या आणि मगच पुढच्या व्होल्टेजला हात लावा. न लागणारं वाढीव व्होल्टेज तसंच मागे सोडू नका.

लगीनसराईत निपाणीच्या एका व्हिडिओ एडिटरचा पीसी पाहिला होता. रायझन ५ ५६००, १६ जीबीच्या दोन कांड्या, ३६०० चं एक्सएमपी. सकाळी पहिल्यांदा डीरॅमचा दिवा लागून राहायचा, चार-पाच वेळा बटण दाबलं की चालू व्हायचा, मग दिवसभर ठीक. कोणीतरी व्हीकोअर हाताने १.३८ वर नेऊन ठेवला होता, त्यामुळे एक्स्पोर्ट सुरू झाला की तापमान ९० ला टेकायचं. बूट मात्र पूर्वीसारखाच अडायचा. व्हीकोअर ऑटोवर आणला, एसओसी ऑटोवरून १.१० वर निश्चित केलं, रॅम १.३५ वरून १.३७ केली आणि गिअर डाउन मोड चालू केला. सकाळचा पहिला बूट सरळ झाला आणि एक्स्पोर्टचं तापमानही उतरलं.

## ६. मग सीपीयू

रॅम पक्की झाल्यावर मल्टिप्लायर वाढवा, एका वेळी एकच पायरी. विंडोज सुरू होताना हँग झाला तर व्हीकोअर ०.०१२५ ते ०.०२५ ने वाढवा. दोन पायऱ्या वाढवूनही फरक नसेल तर मल्टिप्लायर १ ने कमी करा. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी लागणारं व्होल्टेज आधीच्या २०० पेक्षा जास्त असतं, आणि तेवढ्यासाठी कूलरवर ताण देण्यात अर्थ नाही.

इंटेलच्या ८ व्या ते १० व्या पिढीवर रोजच्या वापराला १.३५ पर्यंत, तेही चांगला कूलर असेल तर. रायझन ३००० आणि ५००० वर सगळ्या कोअरना हाताने स्थिर व्हीकोअर द्यायचा असेल तर १.२५ च्या आसपास, १.३० च्या वर नाही.

रायझनवाल्यांची मोठी गफलत इथेच होते. स्टॉकवर हलक्या कामात १.४५ दिसतं, म्हणून हाताने १.४० देणं सुरक्षित आहे असा समज होतो. स्टॉकवर ते १.४५ एखाद्या कोअरला, कमी करंटवर, क्षणभरासाठी असतं. लोड आला की सीपीयू ते स्वतःच खाली आणतो. हाताने स्थिर केलेलं १.४० पूर्ण लोडवरही तसंच राहतं.

इशारा: इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा आय७ किंवा आय९ आधी व्यवस्थित चालत होता आणि आता बूटला अडतो, गेममध्ये 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येतं, मोठ्या झिप फाइल उघडताना एरर येतो, तर व्होल्टेज वाढवू नका. जास्त व्होल्टेजमुळेच हे सीपीयू झिजत होते. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (बायोसमधून सीपीयूला मिळणारी दुरुस्ती) दिले. ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेलं बायोस घाला. सीपीयू आधीच झिजला असेल तर बायोसने भरून निघत नाही. बॉक्समधल्या बाधित सीपीयूंची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, ती वापरा. बिल जपून ठेवा.

## ७. लोड लाइन कॅलिब्रेशन

लोड आला की व्हीकोअर थोडा खाली बसतो. हे सेटिंग तो किती बसू द्यायचा ते ठरवतं. मधली पायरी निवडा. सगळ्यात कडक पायरीवर लोड अचानक सुटला की व्होल्टेज वर उसळतं, आणि ती उसळी बायोसमध्ये दिसत नाही.

आकड्यांनी फसू नका. आसूसवर मोठा आकडा म्हणजे कडक, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर १ म्हणजे सगळ्यात कडक. मित्राच्या बोर्डाचा आकडा आपल्या बोर्डावर लावताना नेमका इथे घोटाळा होतो.

## ८. सकाळी अडतो, दुपारी चालतो

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच गार असते. रात्री पास झालेलं सेटिंग सकाळी अडतं, कारण रॅमचं ट्रेनिंग थंड पीसीवर वेगळं बसतं. गरम पीसी रिस्टार्ट करून 'झालं' म्हणू नका. रात्रभर एसएमपीएसच्या बटणापासून बंद ठेवा आणि सकाळी पाहा.

अडत असेल तर आधी मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर किंवा एमआरसी फास्ट बूट बंद करा. त्यामुळे बोर्ड जुन्या ट्रेनिंगवर न विसंबता प्रत्येक वेळी नव्याने करतो. बूटला जास्त वेळ लागेल, तो लागू द्या. काही बोर्डांवर बूटच्या वेळचं डीरॅम व्होल्टेज वेगळं असतं आणि ते १.२० वरच राहिलेलं असतं. ते चालू व्होल्टेजइतकंच करा. त्यानंतर एसओसी किंवा सिस्टिम एजंट एक पायरी वर.

## ९. चाचणी आणि नोंद

मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या, एकही एरर नको. मग विंडोजमध्ये ओसीसीटी किंवा प्राइम९५ (सीपीयूवर पूर्ण लोड देणारे प्रोग्राम) तासभर, शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि व्होल्टेज दाखवणारा प्रोग्राम) उघडं ठेवून. तापमान ८५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज खाली आणा. जानेवारीत ८२ वर पास झालेला पीसी एप्रिलच्या दुपारी, बंद खोलीत, पास होईलच असं नाही. उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

पीसी अनेक दिवस अस्थिर रॅमवर चालला असेल तर विंडोजच्या फाइल खराब झालेल्या असू शकतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ' (sfc /scannow) चालवा. हे व्होल्टेज ठीक झाल्यावरच करायचं. आधी केलं तर दुरुस्ती करतानाच नव्या फाइल बिघडतात.

सगळं पास झाल्यावर सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा आणि पेन ड्राइव्हवरही घ्या. बायोस अपडेट केल्यावर जुनं प्रोफाइल बऱ्याचदा लोड होत नाही, म्हणून शेवटच्या आकड्यांचा फोटो घ्या आणि तेच आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा: डीरॅम, एसओसी किंवा सिस्टिम एजंट, व्हीकोअर, लोड लाइनची पायरी, बायोसचा व्हर्जन आणि तारीख.